नीलजिव्हा : बकरी आजारी पडली आणि गावानं वाडा उठवला

माणदेशी_माळ

आमचा वाडा, म्हणजे बकरी घेऊन रानोमाळ फिरणारा आमचा तळ, माण तालुक्यातला. आबा, धाकटे चुलते आणि चुलतभाऊ मिळून १४० बकरी राखतात. (आमच्यात मेंढरालाच बकरं म्हणतात, शेळीला शेळी.) मी पुण्यात नोकरीला आहे, पण सुट्टी मिळाली की वाड्यावर जातो.

यंदा पाऊस उघडल्यावर वाडा कालव्याच्या भागात उतरला होता. एका शेतकऱ्यानं लेंडीखतासाठी तीन रात्री रान बसवायला दिलं. रान खोलगट, ओढ्याला लागून, बाजूलाच दुभत्या गायींचा गोठा आणि गोठ्यामागं शेणाचा चिखल. त्या वेळी यातल्या कशाकडंच आमचं लक्ष नव्हतं. चारा चांगला होता, पाणी जवळ होतं.

तिथून उठून आठवडा झाला असेल, एक दोन दाती मेंढी मागं राहायला लागली. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुजले, नाकातून शेंबूड, तोंडाला फेस. तिसऱ्या दिवशी तोंड इतकं सुजलं की डोळे बारीक झाले. मग रोज तीन-चार, रोज तीन-चार. नाकपुड्यांवर खपल्या, आत तोंडात फोड, काही तर पुढच्या गुडघ्यांवर टेकून चरायला बघायची. आबा म्हणाले लाळ्या आहे. मलाही तसंच वाटलं.

आम्ही तोवर दुसऱ्या गावाच्या शिवारात होतो. तिथं बातमी पसरली आणि संध्याकाळी पंधरा-वीस माणसं आली. म्हणाली, तुमच्या बकऱ्यांचा रोग आमच्या गायींना लागेल, आत्ताच्या आत्ता उठा. लंपीच्या वेळी त्यांनी गोठे रिकामे होताना पाहिलेत, त्यामुळं त्यांची भीती खोटी नव्हती. पण रात्रीच्या रात्री आम्ही आजारी जनावरं घेऊन १४ किलोमीटर चाललो. जी चालू शकत नव्हती ती खांद्यावर आणि घोड्यावर. एकूण ३१ आजारी पडली, १३ मेली. त्यातली ७ त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी उन्हात.

मी रक्ताचे नमुने बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नेऊन दिले. निदान नीलजिव्हा.

आता माझा प्रश्न. हा रोग बकऱ्यांतून गायीत जातो का? एका बकऱ्यातून दुसऱ्यात जातो का? आणि पुढच्या पावसाआधी आम्ही काय करायचं? आबांना फोनवर वाचून दाखवणार आहे, म्हणून सोप्या भाषेत लिहा.

निवृत्त_पशुवैद्य

दादा, वाचून फार वाईट वाटलं. बाकीच्या चर्चेआधी तुमच्या आबांसाठी उत्तर देतो.

बकऱ्याच्या लाळेतून, श्वासातून, एकत्र चरण्यातून, एका डबक्यात पाणी पिण्यातून हा रोग दुसऱ्या बकऱ्याला लागत नाही. गायीलाही असा लागत नाही. माणसाला तर होतच नाही. तो नेतं एक चिलट. शास्त्रीय नाव क्युलिकॉइड्स. आकार १ ते ३ मिलिमीटर, म्हणजे तीळ त्याच्यापुढं मोठा वाटावा. मच्छरदाणीच्या जाळीतून आरपार जातं. रक्त फक्त मादी पिते, कारण तिला अंडी घालायची असतात. चावायची वेळ दिवस मावळताना, रात्री आणि पहाटे. आजारी जनावराचं रक्त पिऊन विषाणू तिच्या पोटात गेला की साधारण एक ते दोन आठवडे तो तिच्या शरीरात वाढतो, मग लाळेत उतरतो आणि ती जिवंत असेपर्यंत ज्याला चावेल त्याला देते.

हे चिलट अंडी घालतं ओल्या शेणात, शेण-मुताच्या चिखलात, पाण्याच्या कडेच्या ओलसर मातीत. आता तुम्हीच लिहिलेलं रान परत वाचा : खोलगट, ओढा, गोठा, मागं शेणाचा चिखल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हाच विषाणू गायी-म्हशींनाही होतो, पण आपल्याकडं त्या बहुधा काहीही लक्षण दाखवत नाहीत. चरतात, दूध देतात, आणि रक्तात मात्र विषाणू आठ-आठ आठवडे राहू शकतो. मेंढीत तो त्यामानानं लवकर संपतो. चिलटाला मेंढीपेक्षा गायीचं रक्त गोड लागतं हेही खरं. म्हणजे मेंढीत रोग दिसतो, पण तो जास्त काळ सांभाळून ठेवते गाय. ज्या गावानं तुम्हाला उठवलं त्याच्या गायींना तुमच्या वाड्यापासून जेवढा धोका होता, त्याहून जास्त धोका तुमच्या वाड्याला त्या शिवारातल्या गोठ्यांपासून होता.

माझीही एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कळपात असाच प्रकार पाहून मी लाळ्या खुरकूत लिहून मोकळा झालो होतो. फोड, लाळ, लंगडणं, सगळं जुळत होतं. पण शेजारच्या गायी ठणठणीत होत्या हे मी पाहिलं नाही. लाळ्या असता तर आधी त्या गायी पडल्या असत्या. ती खूण मी पुढं कधी विसरलो नाही. बकरी पडतायत आणि गायी उभ्या आहेत, तर नीलजिव्हेचा विचार आधी करा.

वाघर

आम्ही संगमनेरकडचे. डॉक्टर, तुमचा मान राखून विचारतो. लागण होत नाही म्हणता, तर एका वाघरीत (रात्री बकरी कोंडायच्या जाळीत) रोज तीन-चार कशी पडतात? आमच्याकडं चार वर्षांपूर्वी एका रात्रीत नऊ पडली. आमचे म्हातारे म्हणतात आजारी बकरं वाघरीबाहेर बांधा.

निवृत्त_पशुवैद्य

प्रश्न अगदी बरोबर आहे. वाघरीत सगळी बकरी एकाच जागी, एकाच संध्याकाळी, त्याच चिलटांच्या तोंडी असतात. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ ते १० दिवस जातात. म्हणून एकाच रात्री चावलेली सगळी पुढं दोन-चार दिवसांच्या फरकानं पडतात आणि वाटतं की एकानं दुसऱ्याला दिलं. नऊ पडली तेव्हा तुमचा वाडा कुठं होता ते आठवू नका. त्याच्या आठवडाभर आधी कुठं होता ते आठवा.

पण म्हाताऱ्यांचं म्हणणंही सोडू नका. आजारी बकरं वेगळं ठेवायचंच. त्याला सावली लागते, मऊ खाणं लागतं, कळपाबरोबर चालणं त्याला झेपत नाही. शिवाय त्याचं रक्त पिऊन नवी चिलटं तयार होतात, म्हणून ते संध्याकाळी बंद जागेत असलेलं बरं. मान वाकडी झालेली, गुडघ्यावर आलेली जनावरं उन्हात नेऊ नका. या रोगात ऊन फार वाईट. माणदेशी दादांची सात त्या रात्री आणि पुढच्या उन्हात गेली, त्यात मला नवल वाटलं नाही. दुःख मात्र झालं.

गोठेवाली

मी बारामती भागातली, माझ्या २२ गायी आहेत. डॉक्टर, मग मी काय करू? माझ्या गायींमध्ये हा विषाणू असेल तर दूध पिणाऱ्यांचं काय?

निवृत्त_पशुवैद्य

ताई, दुधातून किंवा मटणातून हा माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखं उकळा, बस. गायींना साधारणपणे उपचाराची गरज पडत नाही. तुमच्या हातात गोठ्याची मागची बाजू आहे. शेण रोज उचलून उकिरड्याला न्या, उकिरडा झाकलेला ठेवा, हौदाची गळती बंद करा, मूत वाहून जाईल असा उतार द्या. चिलट ओल्या शेणात वाढतं, सुकलेल्या शेणात नाही. गोठ्यात पंखा असेल तर संध्याकाळी लावा. हे चिलट इतकं हलकं असतं की साध्या वाऱ्यातही त्याला उडता येत नाही.

गोठेवाली

एक गोष्ट लिहायची राहिली होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात वाडा बसला होता आणि त्यांची बकरी अशीच सुजली होती. त्यांना उठवायला गेलेल्यांत माझ्या घरची माणसं होती, आणि मी अडवलं नाही. म्हटलं नसती ब्याद. त्या बाईच्या मांडीवर कोकरू होतं, ते मला अजून आठवतं. माझ्या गायींना तेव्हा काही झालं नाही. आज कळतंय की व्हायचंही नव्हतं.

सीमाभाग

मी जत तालुक्यातला, आमच्याकडं माडग्याळ मेंढ्या. पलीकडं विजापूर जिल्हा, तिकडं याला नीली नालिगे रोग म्हणतात. दक्षिणेकडं हा रोग आपल्यापेक्षा फार जुना पाहुणा आहे. तमिळनाडूत १९९७-९८ ला मोठी साथ आली होती. आंध्र, तेलंगणा, कर्नाटक इथं पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तर नेहमीचंच.

उपचाराबद्दल आमचा अनुभव लिहितो. या रोगावर औषध नाही हे डॉक्टर सांगतीलच. पण बकरं मरतं ते बऱ्याचदा उपाशी राहून. तोंडात फोड, जीभ सुजलेली, कडबा चावता येत नाही, आणि आपण म्हणतो खात नाही. खायची इच्छा असते हो, टोचतं. आम्ही तांदळाची किंवा नाचणीची पातळ पेज, थोडा गूळ, चिमूटभर मीठ, कोमट करून बाटलीनं हळूहळू पाजतो. मान वर करून घाईनं ओतायचं नाही, श्वासनलिकेत गेलं तर त्यानंच मरतं. कोवळा हिरवा पाला हातानं भरवायचा. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यानं दिवसातून दोनदा तोंड धुवायचं, मग बोरोग्लिसरीन लावायचं. माझी आई आणि बायको दोघी मिळून एका वेळी १७ बकरी पाजत होत्या. त्यातली १५ उठली. औषधापेक्षा जास्त त्या दोघींनी वाचवली.

निवृत्त_पशुवैद्य

सीमाभाग यांनी लिहिलंय त्यात मी काही कमी करणार नाही. भर एवढीच : ताप १०५-१०६ फॅरनहाइटपर्यंत जातो, त्याला आणि सुजेला वेदनाशामक द्यावं लागतं. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, पण मागून न्यूमोनिया होतो, खुरांत घाण जाते, त्यासाठी ते लागतं. दोन्ही औषधं आपल्या डॉक्टरांच्या हातून. खुरांच्या वर, जिथं केस संपतात, तिथं लाल-जांभळी पट्टी दिसते का पाहा. लंगडण्याचं कारण ती असते. अशा बकऱ्याला ओल्या जमिनीवर उभं करू नका.

आणि बरी झालेल्या बकऱ्यांची लोकर तीन-चार आठवड्यांनी पुंजक्यांनी गळू लागते. तेव्हा घाबरू नका. आजारात लोकरीची वाढ थांबते, तिथं ती तुटते. परत येते.

खाऊगल्ली

मटणाबद्दल विचारायचं होतं, डॉक्टरांनी वर सांगितलंच. तरी एक : आजारी बकरं कापून विकलं तर?

निवृत्त_पशुवैद्य

नीलजिव्हा माणसाला होत नाही, पण तापलेलं, औषधं टोचलेलं, न्यूमोनिया झालेलं जनावर खायला विकू नये. नीट निदान होण्याआधी ते आंत्रविषार आहे की आणखी काही हे कुणाला माहीत असतं? मेलेलं पुरा.

जुने_दफ्तर

थोडा इतिहास. हा रोग पहिल्यांदा लिहिला गेला दक्षिण आफ्रिकेत. केप प्रांतात युरोपातून मेरिनो मेंढ्या नेल्या तेव्हा त्या पटापट मरू लागल्या. तिथल्या स्थानिक मेंढ्यांना मात्र फारसं काही होत नव्हतं. तिथले शेतकरी त्याला त्यांच्या भाषेत निळी जीभ म्हणत, तेच नाव जगभर गेलं. १९०६ मध्ये पशुवैद्य थायलर यांनी दाखवलं की जंतू गाळणीतून निसटतील इतके बारीक आहेत, म्हणजे विषाणू. चिलट हा वाहक आहे हे सिद्ध व्हायला १९४४ उजाडलं. तोवर चाळीस-पन्नास वर्षं लोक संध्याकाळी मेंढ्या उंचावर नेत होते, कारण अनुभवानं त्यांना तेवढं कळलं होतं.

भारतातली पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रातली, १९६४ ची, सप्रे यांची, शेळ्या-मेंढ्यांमधली. पुढं जिथं जिथं लोकर सुधारायला रॅम्बुले, मेरिनो, कॉरिडेल असे परदेशी मेंढे आणले तिथं तिथं साथी दिसल्या. बरीच वर्षं समज असा होता की देशी मेंढीला हा होत नाही. १९८० नंतर तो समज मोडला.

माझ्या मते या समजुतीनं धनगरांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. दख्खनी मेंढी काटक आहे, तिला काही होत नाही, असं म्हणत राहिलो आणि तिच्यासाठी लस मागायला उशीर झाला.

वाघर

लस आहे का मग? आमच्याकडं पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) आणि देवीची टोचतात, याची कधी कुणी टोचली नाही.

निवृत्त_पशुवैद्य

आहे. अडचण अशी की हा एक विषाणू नाही, एकाच घरातले पुष्कळ भाऊ आहेत. जगात दोन डझनांहून जास्त प्रकार, आणि आपल्या देशातच वीसहून अधिक सापडलेत. एका प्रकारातून बरं झालेलं बकरं दुसऱ्या प्रकारानं परत पडू शकतं. विषाणूचा गुणसूत्रांसारखा जो मजकूर असतो तो दहा तुकड्यांत असतो. दोन प्रकार एकाच जनावरात भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच निघतो.

म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या देशव्यापी प्रकल्पातून आपल्याकडं जास्त आढळणारे पाच प्रकार घेऊन लस तयार झाली : १, २, १०, १६ आणि २३. ती मृत लस आहे, म्हणजे विषाणू मारलेला. तीन महिन्यांपुढच्या जनावराला कातडीखाली टोचतात, दरवर्षी. २ ते ८ अंशात ठेवावी लागते. उन्हातून मोटारसायकलच्या डिकीत आणलेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

वेळ महत्त्वाची. प्रतिकारशक्ती यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि चिलटं पावसाबरोबर वाढतात. म्हणून मे महिना, फार तर जूनची सुरुवात. बकरी पडायला लागल्यावर लस टोचून त्या साथीत फारसं हाती लागत नाही.

माणदेशी_माळ

डॉक्टर, काल रात्री सगळं आबांना वाचून दाखवलं. चिलटाचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "केमरं असत्यात तिथं बकरं ठरत न्हाई, पाय आपटतं, हे मला लहानपणापासनं ठावं हाय. पण त्यातनं मरान येतं हे कुणी सांगितलं न्हाई."

लसीबद्दल त्यांची एक शंका आहे. गाभण मेंढीला टोचली तर गाभडते, असं त्यांनी ऐकलंय. आमच्या निम्म्या मेंढ्या आत्ता गाभण आहेत.

निवृत्त_पशुवैद्य

आबांनी ऐकलं ते अगदीच हवेतलं नाही. काही देशांत जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची लस वापरत. ती गाभण मेंढीला टोचली तर पिलाच्या मेंदूत दोष येण्याचे प्रकार झालेत. आपली लस मृत विषाणूची आहे, तिच्यात तो धोका नाही. तरी अगदी विण्याच्या तोंडावर असलेल्या मेंढीला पकडून उलटी करू नका. पकडण्याच्या झटापटीनंच ती गाभडते आणि नाव लसीवर जातं. खुद्द रोगानं गर्भपात होतो हेही आबांना सांगा.

बांधावरून_नेदरलँड्स

मी मूळची साताऱ्याची, सध्या उट्रेख्तजवळ राहते. हा धागा वाचून राहवलं नाही. इथं समुद्राच्या बांधांवर मेंढ्या चरतात, गवत त्याच कापतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इथं नीलजिव्हा आली, तिसरा प्रकार. त्याआधी २००६ ला आठव्या प्रकारानं उत्तर युरोपात सुरुवात इथूनच झाली होती. इतक्या थंड देशात हा रोग येईल असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं. २०२३ ला तिसऱ्या प्रकारावर इथं लसच नव्हती. हजारो मेंढ्या गेल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या अकरा मेंढ्या होत्या, आठवड्यात चार उरल्या. लस आली ती पुढच्या वर्षीच्या वसंतात, तातडीची परवानगी देऊन.

मला सांगायचंय ते एवढंच : इतका श्रीमंत, इतका शिस्तीचा देश, पण लस हातात नव्हती तेव्हा तोही तुमच्या आबांइतकाच असहाय होता. पण इथं कुणी मेंढपाळाला गावातून हाकललं नाही. लोक सावलीसाठी ताडपत्र्या घेऊन गेले.

कृष्णाकाठ

धूर केला तर? आमच्याकडं संध्याकाळी गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला जाळतात. औषध फवारलं तर?

सीमाभाग

आम्ही करतो. धुराच्या वाऱ्याखाली बकरी शांत बसतात, पाय आपटायचं थांबतं. पण वारा फिरला की संपलं. रात्रभर धूर धरणं जमत नाही, आणि कोकरं खोकायला लागतात.

निवृत्त_पशुवैद्य

धूर मदत करतो, भरवसा ठेवू नका. अंगावर टाकायच्या कीटकनाशकांनी चावे कमी होतात, बंद होत नाहीत. डोस डॉक्टरांना विचारूनच, कोकरांना तर नाहीच परस्पर.

माझ्या मते वाड्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट जागा ही आहे. दिवसा कुठंही चरा, ओढ्याकाठी, कालव्याकाठी, हरकत नाही. दिवस मावळायच्या आत वाघर माळावर लागली पाहिजे, उंचावर, वाऱ्याच्या तोंडाला, गोठ्यापासून आणि पाणथळीपासून जमेल तितकं लांब. ही चिलटं स्वतःच्या बळावर फार लांब उडत नाहीत. (वाऱ्यावर मात्र शेकडो किलोमीटर जाऊ शकतात, म्हणून एखाद्या गावात नसलेला रोग अचानक उपटतो.) सकाळी ऊन वर आल्यावर मग खाली उतरा.

वाघर

डॉक्टर, हे बोलायला सोपं आहे. रान बसवायचं म्हणजे शेतकरी सांगेल त्याच वावरात बसावं लागतं. त्याला लेंडी खोलगट काळ्या रानात पाहिजे, माळावर नको. त्याच्यावरच आमचं धान्य आणि पैसा. माळावर बसलो तर फुकट बसलो. आणि माळ तरी राहिलेत कुठं? कुठं झाडं लावून बंद, कुठं सौरपट्ट्या, कुठं प्लॉट.

निवृत्त_पशुवैद्य

हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडं उत्तर नाही. निदान पाऊस संपल्यानंतरचे दोन-अडीच महिने खोलगट रान टाळता आलं तर पाहा. पुढं थंडी वाढली आणि जमीन सुकली की धोका कमी होतो.

गोठेवाली

वाघर दादा, हे शेतकऱ्याच्या बाजूनं सांगते. आम्हाला हे माहीतच नसतं. मला कुणी सांगितलं असतं की वाडा रात्री माळावर बसवा, सकाळी दहाला खालच्या रानात आणा, दुपारभर तिथंच बसवा, तर मी नाही म्हटलं नसतं. लेंडी दिवसा पण पडतेच की. थोडी कमी पडेल. ठरवलेले पैसे मी तेवढेच दिले असते.

वाघर

ताई, असं बोलणारा शेतकरी आजवर भेटला नाही. दिवसा बसवली तर बकरी चरणार कधी, हा प्रश्न राहतोच. पण दुपारी उन्हाचं दोन-तीन तास बकरी बसतातच, तेवढं जमेल. करून बघू.

जुने_दफ्तर

माणदेशी, एक व्यवहाराचं. नीलजिव्हा हा २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याच्या यादीतला रोग आहे. म्हणजे साथीची शंका आली की पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं असतं. बरेच मेंढपाळ कळवत नाहीत, कारण कळवलं की गाव उठवेल ही भीती. मग नोंदच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून लसीच्या फेरीत आपला भाग येत नाही. तुम्ही औंधला नमुने नेलेत हे फार मोठं काम केलंत.

कृष्णाकाठ

नमुने कसे न्यायचे ते पण लिहा कुणीतरी.

निवृत्त_पशुवैद्य

रक्त घेणं डॉक्टरांचं काम. ताप असतानाच घ्यायचं, जांभळ्या झाकणाच्या नळीत, म्हणजे रक्त गोठत नाही. बर्फाच्या डब्यात ठेवायचं, पण गोठवायचं नाही. फ्रीजरमध्ये टाकलं तर बिघडतं. त्याच दिवशी निघालं पाहिजे. मेलेलं जनावर फाडून पाहिलं तर फुप्फुसाकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या मुळाशी रक्ताचे डाग दिसतात, ती या रोगाची जुनी ओळख. आणि जीभ निळी असेलच असं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत खरी निळी जीभ मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. जिभेच्या रंगाची वाट बघत बसू नका.

माणदेशी_माळ

आमच्या ३१ मध्ये एकीचीच निळी होती. ती गेली.

पुढचं सांगतो. काल सगळी चर्चा छापून काढली. डॉक्टरांची परवानगी असेल तर त्यांनी लिहिलेला "लाळेतून लागत नाही, चिलटातून लागतो, गायीला बकऱ्यापासून थेट होत नाही" हा भाग मोठ्या अक्षरात एका कागदावर घेऊन वाड्यावर देणार आहे. पुढच्या वेळी कुणी उठवायला आलं तर आबा निदान तो कागद पुढं करतील. स्थानिक डॉक्टरांची सही-शिक्का त्याखाली मिळवायचा प्रयत्न आहे.

उरलेली १२७. त्यातली तीन महिन्यांपुढची सगळी निरोगी बकरी या रविवारी टोचणार. पैसे आम्हीच घातलेत. दिवाळीनंतर वाडा घाट उतरून कोकणात जाईल आणि तिकडं दमट हवा, म्हणून मे महिन्यापर्यंत थांबायचं धाडस होत नाही. पुढच्या मे मध्ये परत टोचू.

आबांचा शेवटचा प्रश्न : आमचा मोठा मेंढा आजारातून उठलाय. चांगल्या अंगाचा आहे, विकायचं मन नाही. तो माद्यांत सोडायचा का?

निवृत्त_पशुवैद्य

कागदाला माझी परवानगी आहे. माझं नाव नको, स्थानिक डॉक्टरांचंच असू द्या, गाव त्यांना ओळखतं.

मेंढा विकू नका. पण घाईही नको. या तापानंतर मेंढा काही काळ फळत नाही, आणि रक्तात विषाणू असेपर्यंत तो वीर्यातही उतरू शकतो. दोन महिने वेगळा ठेवा, खुराक चांगला द्या, खुरं बघत राहा. मग सोडा. तोवर माद्यांना दुसरा मेंढा बघा, शक्यतो ओळखीच्या वाड्यातला. बाजारातून आत्ता नवा आणू नका.

माणदेशी_माळ

सांगितलं. आत्ताच चुलतभावाचा फोन आला, मेंढा वाघरीबाहेर बाभळीखाली बांधलाय आणि आबा त्याला पेज पाजतायत.